शुद्धीतला माणूस

यंत्र घरी आल्याला सतरावा दिवस होता. त्या सकाळी भूपाल मगदुमांनी चहाचा एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि विचारलं, "ह्यात आलं का नाही?"

ओट्याशी उभ्या असलेल्या त्रिशलाला आधी वाटलं, आपल्याला भास झाला. ती वळली. भूपाल तिच्याकडंच बघत होते. डोळे पूर्ण उघडे, कपाळाला आठी.

"आल्याचं विचारतोय मी," ते म्हणाले. "आणि हा पेपर कालचा आहे. आजचा कुठं आहे?"

गेल्या चार वर्षांत त्यांनी समोर आलेल्या कशालाही नावं ठेवली नव्हती. गार चहा, अळणी आमटी, सगळं ते गुमान खायचे आणि घास हातात धरूनच पेंगायचे. पेपर उलटा धरून बसायचे. चालता चालता भिंतीला टेकून झोपलेले तिनं दोनदा पाहिले होते. त्रिशलानं घाईनं आलं ठेचलं, नवा चहा टाकला आणि तो उकळेपर्यंत मागच्या दारी जाऊन मुलीला फोन लावला.

"प्रणाली, तुझ्या आप्पांनी चहाला नावं ठेवली गं!"

पलीकडं प्रणाली हसायला लागली आणि हसता हसता रडली. त्रिशलाही रडली. बरं झालेल्या माणसाची पहिली खूण म्हणजे त्याची कुरकुर, असं यास्मिननं सांगितलंच होतं.

यास्मिन मुल्लाणी ही जिल्हा रुग्णालयातली श्वसनयंत्रांची तंत्रज्ञ. 'सहश्वास' नावाचं ते यंत्र घेऊन तीच त्यांच्या हातकणंगल्याच्या घरी आली होती. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, एक मऊ नळी, नाकावर बसणारा मास्क आणि दंडाला चिकटवायची पैशाएवढी पट्टी.

"काकू," ती म्हणाली होती, "चांगली हवा आत घेणं हे फुप्फुसांचं अर्धंच काम. वापरलेली हवा बाहेर टाकणं हे दुसरं अर्धं. काकांच्या फुप्फुसात एकतीस वर्षांची वाळू बसलीय. दिवसा ते जोर लावून कसंबसं निभावतात. पण झोपेत सगळ्यांचाच श्वास उथळ होतो. आपल्याला ते चालून जातं, त्यांना नाही. मग कार्बन डायऑक्साइड रक्तात साठत जातो. माणूस सकाळी उठतो तो गुंगीतच. हे वर्षानुवर्षं चाललं की मेंदूलाही त्याची सवय होते. तो धोक्याची सूचना देणंच सोडून देतो."

"पण आधीचं मशीन होतं की."

"ते सगळ्यांना एकाच जोरानं हवा द्यायचं. हे दंडावरच्या पट्टीतून रक्तातला आकडा वाचतं आणि प्रत्येक श्वासाला लागेल तेवढाच रेटा देतं. निरोगी माणसाचा आकडा चाळीसच्या आसपास असतो. काकांचा अडुसष्ट आहे. तो एकदम खाली आणला तर डोकं दुखतं, अंगाला झटके येतात. म्हणून हे 'लक्ष्य' इथं पडद्यावर ठेवायचं आणि दर दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं उतरवायचं. चव्वेचाळीसपर्यंत. त्रास झाला तर दोनानं वर न्यायचं आणि कारण नोंदवायचं. हे घरच्या माणसानंच करायचं, म्हणून तुमच्या बोटाचा ठसा घेतलाय."

जाताना दारात चपला घालत ती म्हणाली होती, "एक सांगून ठेवते. काही घरांतून मला उलट्या तक्रारी येतात. आमचा माणूस आजारी होता तेव्हाच बरा होता, म्हणतात."

त्रिशला त्यावर हसली होती.

*

रविवारी अकरा वाजता प्रणाली आली. बरोबर सहा वर्षांची मनवा होती. गेली तीन वर्षं त्या दर रविवारी याच वेळी यायच्या. मनवा आल्या आल्या कणकेचा डबा मागायची आणि आज्जासमोर फतकल मारायची. भूपालांनी तिला साचा करायला शिकवलं होतं. दोन वाट्यांत घट्ट कणीक दाबायची, मध्ये लाकडी बदक ठेवून वाट्या जोडायच्या, सोडवून बदक काढून घ्यायचं, वाट्या परत जोडायच्या आणि कणकेला पाडलेल्या भोकातून गुळाचा पाक ओतायचा. पाक गार झाला की गुळाचं बदक. मध्येच आज्जाला झोप लागायची, तेव्हा ती त्यांच्या गुडघ्याला टेकून वाट बघायची.

त्या दिवशी ती डबा घेऊन धावत बाहेर आली आणि जागीच थांबली. भूपाल खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

"हिला घरात कुणी घेतलं?" त्यांनी त्रिशलाला विचारलं. बोट प्रणालीकडं होतं.

"अहो, असं काय करताय? ती दर रविवारी..."

"मी तुला विचारलं, कुणी घेतलं?"

प्रणालीचा चेहरा पडला. "आप्पा, तुम्हीच घेतलंत. तीन वर्षांपूर्वी तुम्ही स्वतः दार उघडलंत. किती वाळलीस गं, म्हणालात."

"मी आजारी होतो," भूपाल म्हणाले. आणि आतल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

नऊ वर्षांपूर्वीचा शब्द परत जिवंत झाला होता. भूपाल औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत मोल्डिंग खात्याचे मुख्य होते. ओतकामाचे वाळूचे साचे तिथं तयार व्हायचे. त्या खात्यातली बासष्ट माणसं त्यांनी आसपासच्या गावांतून स्वतः निवडून आणली होती. प्रणाली कारखान्यांच्या सुरक्षेच्या खात्यात नोकरीला लागली, आणि तिसऱ्या वर्षी तिनंच त्या खात्यातल्या हवेची धूळ मोजली. ती मर्यादेच्या सहापट निघाली. तिनं तसा अहवाल दिला. मालकानं धूळ ओढायची यंत्रणा बसवण्याऐवजी खातंच बंद केलं. बासष्ट माणसं घरी बसली. त्या संध्याकाळी भूपाल मुलीला एवढंच म्हणाले होते, "ह्या उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही." त्यानंतर सहा वर्षं ते तिच्याशी बोलले नव्हते.

बसस्टॉपवर मनवाचा हात धरून उभी असलेली प्रणाली आईला म्हणाली, "त्यांना बरं वाटतंय ना? मग असू दे. मी नाही येत." थोड्या वेळानं ती पुढं म्हणाली, "त्या धुळीनं काय काय होतं, ते सगळं मी अहवालात लिहिलं होतं. माणूस गोड होतो, हे लिहायचं राहिलं."

*

पुढचा महिनाभर त्रिशला बरं झालेल्या नवऱ्याबरोबर राहिली.

ते खरोखर बरे झाले होते. शेजारच्या चौगुल्यांचा बंद पडलेला पंप त्यांनी अंगणात बसून अर्ध्या तासात चालू केला. चार वर्षांचे साठलेले मोतीबिंदूचे, दातांचे, सगळे कागद लावले. सूर्यास्ताआधी जेवण हा घरचा रिवाज त्यांच्या गुंगीच्या काळात मोडला होता. तो पुन्हा घड्याळाबरहुकूम सुरू झाला. सव्वासहाला ताट आलं नाही, तर ते काही न बोलता पाटावरून उठायचे. चौगुले आले असताना त्रिशला पंपाबद्दल काही विचारायला गेली, तर ते तिच्याकडं न बघता म्हणाले, "तू मध्ये बोलू नकोस." हे वाक्य तिनं लग्नानंतरची चौतीस वर्षं ऐकलं होतं आणि गेल्या चार वर्षांत विसरली होती. ऐकून ती आत आली आणि तिला कळलं, आपण परत विसरू शकणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मास्क धुऊन यंत्राजवळ ठेवत होती. भूपाल बँकेत गेले होते. पडद्यावर आकडा दिसत होता. लक्ष्य, चव्वेचाळीस. तिनं बोट टेकवलं. पडदा उजळला. बाण वर दाबला. सेहेचाळीस. खाली ओळ आली, 'कारण निवडा'. अंगाला झटके, झोप न लागणे, सकाळी डोकेदुखी.

तिनं डोकेदुखीवर बोट ठेवलं.

एक पायरीच तर आहे, असं ती स्वतःला म्हणाली. दर आठवड्याला एक. आठ आठवड्यांत ती साठवर पोचली.

भूपाल एकदम बदलले नाहीत. आधी पेपर तसाच घडी घातलेला राहू लागला. मग ताट यायला उशीर झाला तरी ते पाटावर बसून राहू लागले. एका दुपारी ती तांदूळ निवडत होती, ते भिंतीला टेकून तिच्याकडं बघत होते. जीभ किंचित जड झाली होती.

"त्रिशला, तुझ्या माहेरच्या विहिरीला पायऱ्या किती होत्या गं?"

अडतीस वर्षांत तिच्या माहेराबद्दल त्यांनी काही विचारलं नव्हतं.

"एकोणीस," ती म्हणाली. "शेवटची एक पाण्यातच असायची."

"तू उतरायचीस?"

"मीच पाणी आणायची की."

"पाय घसरायचा नाही?" असं विचारून ते तिच्या पायांकडं बघत राहिले, आणि बघता बघता त्यांना झोप लागली.

त्रिशलानं प्रणालीला फोन केला. "ये आता. मनवाला घेऊन ये."

"आई, एकदम कसं काय?"

"औषध बदललं त्यांचं."

मुलीशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली. पुढचे पाच रविवार घरात गुळाची बदकं झाली. प्रणाली वडिलांची नखं काढून द्यायची, ते हात पुढं करून मुकाट बसायचे. त्रिशला स्वयंपाकघरातून ते बघायची आणि तिचं मन भरून यायचं. पण भूपालांच्या घोट्यांना सूज दिसू लागली होती. हातातला चमचा पडत होता. तेही ती बघत होती.

*

सहाव्या आठवड्यात भूपालांना साधी सर्दी झाली. गुरुवारी सकाळी सात वाजता त्रिशलानं त्यांना हाक मारली, तर ते उठले नाहीत. खांदा हलवला. त्यांनी डोळे उघडले, पण बुबुळं तिच्यावर ठरेनात. ओठ निळसर झाले होते. अंग मात्र गरम, घामेजलेलं. यंत्र शांतपणे चालू होतं. त्यावर हिरवा दिवा होता.

रुग्णवाहिका वीस मिनिटांत आली. रुग्णालयात त्यांना मोठ्या यंत्रावर घेतलं, तेव्हा त्यांचा आकडा एकशे सहा होता.

दुपारी यास्मिन बाहेर आली. तिच्या हातात सहश्वासची नोंद होती. ती त्रिशलाच्या शेजारी बाकावर बसली.

"वाचतील," ती आधी म्हणाली. मग कागद मांडीवर ठेवला. "काकू, लक्ष्य वर नेलं की धोक्याची घंटाही तेवढीच वर सरकते. सर्दीनं आकडा चढत गेला आणि पट्टीही घामानं सैल झाली होती. यंत्र समजत राहिलं की सगळं ठीक आहे. साठला ठीक म्हणायला तुम्हीच सांगितलं होतंत त्याला." तिनं कागदावर बोट ठेवलं. "आठ वेळा डोकेदुखी. दर बुधवारी. माणसाचं डोकं असं वार बघून दुखत नाही. माझंही चुकलं, मी आधीच विचारायला हवं होतं."

त्रिशलानं कागद उचलून आठही ओळी वाचल्या.

"मला हे लिहावं लागेल."

"लिही."

"लिहिते. पण त्यांनी ते कागदावर वाचू नये. आधी तुम्ही सांगा."

चौथ्या दिवशी सकाळी भूपालांचा मास्क काढला. ते उशीला टेकून बसले होते. नजर स्वच्छ होती. त्रिशलानं खुर्ची ओढली, आणि पहिल्या सेहेचाळीसपासून सगळं सांगितलं. सांगताना तिनं मान खाली घातली नाही.

भूपालांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मेलो असतो," ते म्हणाले.

"हो."

"ठाऊक होतं तुला?"

"नव्हतं असं म्हणून मोकळी झाले असते. पण ठाऊक होतं."

त्यांनी मान खिडकीकडं वळवली. मग म्हणाले, "एकोणीस."

तिला कळलं नाही.

"विहिरीच्या पायऱ्या. शेवटची पाण्यात. तुला काय वाटलं, मला आठवत नाही? सगळं आठवतं. चार वर्षांचंही आणि आत्ताचंही. पोरीनं नखं काढली ते आठवतं. मी आत बसून बघत असायचो आणि तोंडातून शब्द निघून जायचे. थांबवता यायचे नाहीत. गोड असतील, पण माझे नव्हते ते."

"मग कुणाचे होते?" त्रिशलानं विचारलं.

भूपालांचा श्वास जड झाला होता. ती पाणी द्यायला उठली, तर त्यांनी हातानं थांबवलं.

"प्रणालीनं अहवालात खोटं एक अक्षर लिहिलं नव्हतं. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्या बासष्टांतली अकरा जणं आज माझ्यासारखी नळी लावून झोपतात. चौघं गेली. ती खरी ठरली, तर मग त्यांना त्या धुळीत कुणी नेऊन उभं केलं? घरोघरी जाऊन, आईबापांना शब्द देऊन?"

एवढं बोलून त्यांना खोकला आला. तो थांबायला पाच मिनिटं लागली.

*

घरी परतल्यावर यास्मिननं यंत्रातून त्रिशलाचा ठसा काढून टाकला. लक्ष्य बदलायचा सांकेतिक क्रमांक तिनं एका चिठ्ठीवर लिहून फक्त भूपालांच्या हातात दिला. त्रिशलानं मुलीलाही सगळं सांगितलं होतं. प्रणाली दोन दिवस फोनवर आली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "म्हणजे ते सगळे रविवार खोटे होते?" त्रिशला म्हणाली, "मला माहीत नाही गं. त्यांना विचार."

"येते," प्रणाली म्हणाली. "ह्या रविवारी येते. घालवलं तर परत जाईन."

त्रिशलानं ते भूपालांच्या कानावर घातलं. शनिवारी दुपारी ती मास्क धुऊन आणत होती, तेव्हा त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चिठ्ठी काढली आणि तिच्यापुढं धरली.

"आज साठवर ठेव."

तिला वाटलं, ते टोमणा मारतायत. पण त्यांनी चिठ्ठी मागं घेतली नाही.

"एका रात्रीनं मी मरत नाही. यास्मिनला मी सांगेन. उद्या सकाळी त्या दोघी आल्या की... मला जमत नाही, त्रिशला. शुद्धीत असलो की तिच्याकडं बघवत नाही. तू ठेव साठवर. तुला पाहिजे होता ना तो माणूस? ने त्याला उद्या बाहेर."

त्रिशलानं मास्क खुंटीला लावला. ओले हात पदराला पुसले. ज्यासाठी तिनं नवऱ्याचा जीव पणाला लावला होता, ते आज तोच तिच्या हातात देत होता. चिठ्ठी घेतली तर उद्या घरात गुळाचा वास येईल, मनवा गुडघ्याला टेकेल, सगळं जाग्यावर बसेल. तिनं चिठ्ठी घेतली. तिची नीट घडी केली आणि ती परत त्यांच्या खिशात ठेवली.

"नाही," ती म्हणाली.

"माझं यंत्र आहे. मी सांगतोय."

"मग तुम्ही ठेवा. तुमचं बोट आहे, तुमचा क्रमांक आहे. मी हात लावणार नाही. आणि उद्या त्या गुंगीतला माणूस बाहेर आला, तर मी प्रणालीला दारातूनच परत पाठवीन. यायचं तर शुद्धीत या. नाहीतर आत बसा."

"मी तिला बोलेन काहीतरी. तोडून बोलेन."

"बोला. तुमचं तरी असेल ते."

अडतीस वर्षांत तिनं त्यांना असं उत्तर दिलं नव्हतं. भूपालांचा चेहरा लाल झाला. त्यांनी पाठ फिरवली. त्या संध्याकाळी सव्वासहाला ताट वाढलेलं होतं, ते जेवायला आले नाहीत.

सकाळी ती सगळ्यांत आधी यंत्राकडं गेली. पडद्यावर चव्वेचाळीस होतं. रात्रभर तेवढंच होतं. तिनं हात जोडले की नाही, ते तिला नंतर आठवलं नाही.

अकरा वाजता प्रणाली आली. मनवा तिच्या मागं लपली होती. दोघी उंबऱ्याबाहेर थांबल्या. आतल्या खोलीचं दार बंद होतं. त्रिशलानं हाक मारली नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. प्रणालीनं आईकडं बघितलं आणि चपलेत पाय सरकवला.

तेवढ्यात दार उघडलं. भूपाल भिंतीला धरत बाहेर आले. धुतलेला सदरा, नीट भांग. खुर्चीपर्यंत पोचेस्तोवर त्यांना दम लागला. बसून त्यांनी श्वास गोळा केला. मनवाकडं त्यांनी हात पुढं केला नाही. तीही जागची हलली नाही.

"तुझ्याकडं बघितलं," ते प्रणालीला म्हणाले, "की मला ती बासष्ट माणसं दिसतात."

"माहीत आहे, आप्पा."

"दर खेपेला दिसणार. माझ्याकडून गोड बोलणं होणार नाही."

"बरं."

ते पुन्हा श्वासासाठी थांबले. त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट आवळलेले होते. डोळे मुलीवरून हलले नव्हते.

"तरी बस," ते म्हणाले.

प्रणालीनं उंबरा ओलांडला आणि त्यांच्या समोर जमिनीवर बसली.